फळ्यावर सोडलेली जागा

आमच्या गल्लीत कुणी गेलं की फळा मी लिहायचो. गल्लीच्या तोंडाला पाण्याची टाकी आहे, तिच्या भिंतीत तो बसवलाय. खरं तर नळाच्या वेळा लिहायला लावला होता. पण आमच्या पुंडलिकनगरात नळ कधी येईल हे नळ सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळं फळा कोरा पडायचा. कोरी जागा मला बघवत नाही. मी तिथं सणवार लिहायला लागलो, पोरांचे निकाल लिहायला लागलो. मग एका घरातली म्हातारी गेली, तिचं नाव लिहिलं. तिथून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

पैसे घ्यायचो नाही. हौस. माझी शाळा चौथीपर्यंत. खुलताबादच्या अलीकडं आमचं गाव. पोटापाण्याला इकडं शहरात आलो आणि औरंगपुऱ्यात एका कापड दुकानात गठ्ठे उचलायला राहिलो. दुकानासमोरच्या माडीवर एक म्हातारे कातिब बसायचे, म्हणजे हातानं उर्दू लिहिणारे. लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, कबरीच्या दगडावरचा मजकूर. मी चहा पोचवायच्या निमित्तानं वर जायचो आणि तिथंच उभा राहायचो. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो हात चालला की माझा पाय तिथून निघायचा नाही. एक दिवस वर न बघताच त्यांनी विचारलं, "क्या देखता रे रोज?"

"हात."

"हात क्या देखता. बैठना देख. हरफ भागके कहीं नै जाता."

हरफ म्हणजे अक्षर, ते नंतर. सुरुवातीला त्यांनी मला नुसतं बसायलाच शिकवलं. पाठ कशी ठेवायची, गुडघा कुठं, श्वास कधी सोडायचा. मग बोरू तासायला. टोकाला तिरका काप द्यायचा, त्याला ते कत म्हणायचे. त्यांच्या अक्षराला लागणारा कत त्यांना ठाऊक. माझ्या मराठी अक्षराला कसा काप बसतो ते आम्ही दोघांनी मिळून बोरू वाया घालवून शोधलं. पुढं मी चिकलठाण्याला कंपनीत लागलो, लग्न झालं, पोरगी झाली, तिचंही लग्न झालं, पण सकाळी कागद पुढं घेऊन बसणं सुटलं नाही. बायको म्हणायची, "लोक देवापुढं बसतात, आमचे हे क पुढं बसतात. क बी पावत नाय, देव बी नाय."

त्या कातिबांनी मला एक गोष्ट बजावली होती. नाव लिहायचं तर आधी ते कागदावर बसवून बघायचं. कुठं दाटतंय, कुठं विरळ होतंय, शेवटी जागा उरते का कमी पडते. थेट लिहायला गेलं की फसतं. ही सवय माझ्या अंगात मुरली.

फळ्याची एक रीत पडून गेली होती. घरचं माणूस फाटकाशी येऊन उभं राहायचं, आत यायचं नाही. "काका, फळ्याचं बघता का," एवढंच म्हणायचं. मी "बसा" म्हणायचो नाही, ते "येतो" म्हणायचं नाही. मी खडू वाटीत भिजत घालायचो. भिजलेला खडू भरीव उमटतो. तोवर नाव कागदावर बसवायचं. मग फडकं घेऊन जायचं आणि फळ्यावर आधीचं जे असेल ते मीच पुसायचं. दुसऱ्या कुणी त्या फळ्याला हात लावायचा नाही. कुणाच्या नावाआधी कैलासवासी, कुणाच्या मरहूम, आमच्या बौद्धांमध्ये कालकथित. माणूस कसाही असो, कर्जबुडवा असो का बायकोला मारणारा असो, अक्षर सगळ्यांना सारखंच चांगलं.

आमच्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत. माझ्या बापानं घरातले देव काढले तेव्हाच तेही काढून टाकलं. मीही मानत नाही. पण जे झालं ते सांगतो.

आमच्या समोर एक एसटीचे ड्रायव्हर राहायचे. ते रिटायर झाले तेव्हा पोरांनी मला सांगितलं, फळ्यावर लिहा. मी वर लिहिलं, सेवापूर्तीबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि खाली त्यांचं नाव, चांगलं मोठं. ते स्वतः खुर्ची टाकून समोर बसले होते. "काका, ठळक येऊ द्या," म्हणाले. "आयुष्यभर गाडीवर दुसऱ्या गावांची नावं घेऊन फिरलो. एकदा माझं बी दिसू द्या." सगळे हसले. मीही हसलो.

तो मजकूर पुसायच्या आधीच ते गेले. मोरीत पाय घसरला, डोकं आपटलं. मुलगा फाटकाशी येऊन उभा राहिला. मी वाटी आणि फडकं घेऊन फळ्यापाशी गेलो. नाव फार चांगलं बसलं होतं. पुसून पुन्हा तसं बसेल याची खात्री नव्हती. म्हणून मी वरची ओळ तेवढी पुसली आणि तिथं दुसरी लिहिली. नावाच्या आधी 'कै.' एवढं एक अक्षर वाढवलं. नाव तसंच राहिलं.

काम म्हणून त्यात काही वावगं नव्हतं. पण गल्ली उभी राहून बघत होती.

पुढं दहावीचे निकाल लागले तेव्हा पलीकडच्या घरातल्या बाई पेढा घेऊन आल्या. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, पोरीचं नाव फळ्यावर नका घालू."

"का? चांगले मार्क पडलेत म्हणं."

"पडलेत. पण नका घालू."

मग सणाच्या शुभेच्छांनाही कुणी बोलावेना. फळा फक्त एकाच कामाचा उरला. मी वाटी घेऊन निघालो की बायका ओट्यावरून उठून आत व्हायच्या. एकदा मी नुसता भाजीला निघालो होतो तर एकानं दारातूनच सांगितलं, "काका, आमच्यात समदे ठीक हायेत बरं का." चेष्टाच होती, पण मी वळेपर्यंत तो हसला नाही. कुणी आजारी आहे असं कळलं तर मी त्या घराकडं बघायचंसुद्धा टाळायला लागलो. माझ्या बघण्यानं काही होत नसतं हे मला कळत होतं. तरी टाळायचो.

आणि मग आजारपण माझ्याच घरात आलं. बायकोला साखर होतीच. त्या साखरेनं किडन्या खाल्ल्या. डायलिसिस लागलं. आम्ही रिक्षानं जायचो, ती त्या मशीनशेजारी पडून राहायची, मी बाहेर बाकड्यावर. परत यायची तेव्हा अंगातलं कुणीतरी पिळून काढल्यासारखी दिसायची. दोन दिवसांत पाय पुन्हा सुजायचे. ती अंगठा रुतवून दाखवायची, खड्डा तसाच राहायचा. "बघा, कणकीवानी झालंय," म्हणायची.

त्याच दिवसांत एका सकाळी मी चहा प्यायला बसलो होतो.

"बशी वाजायली," ती म्हणाली.

"वाजू दे."

"कधीपास्नं?"

"थंडी हाय."

"चैतात कुठली आली थंडी?"

मी बशी खाली ठेवली. उजवा हात मांडीखाली घातला. मला ते आधीच कळलं होतं. सकाळी कागदावर आडवी रेघ ओढताना शेवटाकडं करवतीसारखे दातरे पडत होते. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, गोळ्या घ्या, वाढत जाईल. तिला सांगितलं नव्हतं. पण माझा हात तिनं माझ्यापेक्षा जास्त बघितला होता.

चहा संपल्यावर ती म्हणाली, "माझा फळा लिहून ठेवा."

"तोंडाला काही लगाम हाय का?"

"लगाम घोड्याला. मी काय म्हणते ते ऐका. तुमचा हात चाललाय आणि मी बी चालले. कोण आधी जातंय ते बघत बसायचं का?"

मी उठून बाहेर गेलो. पण त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. तिला फ्लेक्स नको होता. हल्ली कुणी गेलं की लोक औरंगपुऱ्यात फ्लेक्सवाल्याला फोन करतात, दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. "कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून लावतील," ती म्हणायची. "त्यात मी दात काढायले, मागं गुलाबाची फुलं, आणि कडंनं वॉर्डातल्या समद्या पुढाऱ्यांची तोंडं. मला नको तसलं. माझं नाव तुमच्या हातचं पाहिजे. गल्लीतल्या समद्यांना लिहून दिलं तुम्ही. मलाच तेवढं नको का?"

"तवा लिहीन की."

"तवा तुमचा हात लिहील व्हय? आणि मला बघायचंय. मेल्यावर मी काय बघणार?"

"जित्या माणसाच्या नावाआधी तो शब्द घालू?"

"आपण तर मानत नाय ना?"

मी म्हणालो, ड्रायव्हरचं काय झालं ते आठव. ती म्हणाली, "ते साबणावर घसरले. तुमच्या खडूवर नाय." बरोबरच होतं. मी तरी नाही म्हणालो. पूर्ण उन्हाळा मी नाही म्हणत राहिलो. रोज सकाळी रेघ ओढून बघायचो. एखाद्या दिवशी सरळ यायची, मग वाटायचं अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी ती पाण्यावरच्या सावलीसारखी यायची. बायको आतून विचारायची, "आज कशी हाय?" म्हणजे रेघ. मी विचारायचो, "तू कशी हायस?" दोघंही खोटं बोलायचो.

एक दिवस डायलिसिसवरून आलो आणि ती घराच्या पायऱ्या चढू शकली नाही. पहिल्याच पायरीवर बसली. मी हात दिला तर माझाच हात हलत होता, त्यानं ती उठणार कशी. शेजारचे दोघं आले, उचलून आत नेलं. जाताना त्यातल्या एकानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला ती नजर ओळखू आली. मी आजारी घरांवरून तशीच नजर काढून घेत आलो होतो.

ती कॉटवर टेकली आणि म्हणाली, "आज."

मी नवीन बोरू तासला. स्वयंपाकघराच्या फरशीवर मोठा कागद अंथरला, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. ती दाराला टेकून खाली बसली. मी पाठ सरळ केली, गुडघा घेतला, श्वास सोडला. पहिलं अक्षर का. हात हलला, रेघेच्या कडेला दातरे पडले. दुसरा कागद घेतला. दुसराही फसला. तिसऱ्या वेळी हात गप झाला आणि मी न थांबता शेवटपर्यंत गेलो. कालकथित, मग तिचं नाव, माझं नाव, आडनाव. खाली, यांचे दि. च्या पुढं जागा, रोजी दुःखद निधन झाले.

ती जागा किती सोडायची हा प्रश्न होता. तारीख आणि वार मावायला हवा.

"किती सोडली?" तिनं विचारलं.

"मावंल एवढी."

"कुठल्या वाराची धरली?"

"गप बस."

"नाय, मंगळवार लांब असतो म्हणून विचारते. मंगळवारी जात नाय मी. तुमची ओळ बिघडंल."

मला हसू आलं आणि मी बोरू पुसायला घेतला. ती पुढं सरकली, कागदावर वाकली. बराच वेळ बघत राहिली. आपलं नाव वाचताना तिचे ओठ हलत होते. एवढ्या वर्षांत मी तिचं नाव नीट बसवून कधी लिहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. लग्नपत्रिका छापलेली होती. रेशनकार्ड दुसऱ्यानं लिहिलेलं.

"थ चं पोट लई सुटलंय," ती म्हणाली. "माझ्या पायावानी."

"दुसरा लिहू?"

"नको. असू द्या. छान हाय." मग म्हणाली, "लई छान हाय हो."

शाई वाळल्यावर तिनं कागदाची गुंडाळी केली आणि कपाटात साड्यांच्या मागं ठेवली. ती मोकळी झाली. त्या रात्री जेवलीही थोडी. पण माझं सुख गेलं. मी त्या कपाटाशी जायचं बंद केलं. माझे कपडे बाहेर खुर्चीवर राहायला लागले. तिला बरं वाटलं की मला वाटायचं, कागद वाट बघतोय. तिला दम लागला की वाटायचं, आता ती जागा भरणार. कॅलेंडरवर वार बघितला की तो तिथं मावेल का हे आधी मनात यायचं. डोकं झटकलं तरी यायचं.

एकदा पाइपलाइन फुटली, नळ येणार नाही एवढं फळ्यावर लिहायला गेलो. पहिला शब्द सूचना. लिहून बघतो तर सू च्या जागी कालकथितचा का लिहिलेला. हातानं आपल्या मनानंच लिहिला. पटकन पुसला. मागं कुणी होतं का ते बघितलं. घरी आलो आणि तिला म्हणालो, "मी तो कागद जाळतो."

"जाळा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला पाठ झालंय ते. हात बी जाळणार का?"

कागद राहिला.

ती दसऱ्याच्या अलीकडं गेली. दवाखान्यात, मशीन लावायच्या आधीच. मला बाकड्यावरून आत बोलावलं तेव्हा तिच्या अंगावरची चादर सरळ केलेली होती, त्यावरून कळलं. घरी आणली. पोरगी पुण्याहून पोचली, जावई आले. पोरगी आईपाशी बसली होती. जावई फोनवर बोलत माझ्याकडं आले. "मामा, फ्लेक्सला फोटो कुठला देऊ? लग्नातला हाय एक, हसरा."

"फ्लेक्स नाय."

"तसं कसं मामा, लोकांना कळायला पाहिजे."

"कळंल." मी पोरीला विचारलं, "खडूची वाटी कुठंय?"

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. हात बशीसारखा वाजत होता. "बाबा, तुम्ही बसा ना," ती म्हणाली. "हात बघा तुमचा."

मी कपाट उघडलं. साड्यांमागून गुंडाळी काढली. फाटकाशी कुणी येऊन उभं राहणार नव्हतं, मीच घरचं माणूस होतो. टाकीपाशी गेलो. फळ्यावरचं पाण्याचं पुसलं. पोरीनं कागद उलगडून भिंतीला धरला. मी पाठ सरळ केली, श्वास सोडला आणि खडू टेकवला.

हात हलला नाही. का पासून शेवटपर्यंत एकदाही नाही. एखाद्या तरण्या माणसाचा असावा तसा तो चालला. मला वाटलं होतं त्या सोडलेल्या जागेपाशी अडेल. अडला नाही. तारीख लिहिली, वार लिहिला. जागा बरोबर पुरली, ना कमी ना जास्त. खडू ठेवून मागं बघितलं तर सगळी गल्ली उभी होती. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. एक जण हळू आवाजात म्हणाला, "काय अक्षर पडलंय." दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

लोकांना वाटतं, तिच्यासाठी माझा हात स्थिर राहिला, किती प्रेम. मला तसं वाटत नाही. तिच्या नावावर तो अडायला हवा होता. निदान त्या वारावर. शब्द पाठ होता, जागा ठरलेली होती, हातानं भरून टाकली. तिला हवं होतं ते तिला मिळालं. मला त्यातून काय मिळालं ते मला सांगता येत नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्यातला दिवसांचा, कार्यक्रम अजून व्हायचा होता. त्याच्या आधीच मागच्या गल्लीतले एक मास्तर गेले. त्यांचा मुलगा आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी ओट्यावरच बसलो होतो.

"काका," तो म्हणाला, "फळ्याचं... नसंल जमत तर राहू द्या. फ्लेक्स सांगतो मी."

"जमंल."

मी खडू भिजत घातला. कागद घेतला नाही. त्या दिवशी मला कुणाचंच नाव कागदावर बसवायचं नव्हतं. वाटी आणि ओलं फडकं घेऊन टाकीपाशी गेलो. फळ्यावर ती होती. रीत म्हणजे आधीचं मी पुसायचं, आणि मीच पुसायचं. फडकं उचललं. तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी नेलं. फडक्यातलं पाणी माझ्या कोपरावरून खाली गळत होतं. मुलगा बाजूला उभा राहून जमिनीकडं बघत होता.

मी फडकं खाली ठेवलं. तिच्या ओळींच्या खाली थोडी जागा होती, चिंचोळी. गुडघ्यावर बसलो आणि तिथं मास्तरांचं नाव लिहायला घेतलं. पहिल्याच अक्षराला हात सुटला. धरून ठेवायला गेलो तर आणखी. रेघ खाली उतरत गेली, अक्षरं एकमेकांवर चढली, आडनाव कडेला जाऊन दाबलं गेलं. एवढी वर्षं लिहितोय, असं कुणाचंच लिहिलं नव्हतं.

उठता येईना. मुलानं काखेत हात घालून उभं केलं.

"तिरकं गेलंय," मी म्हणालो. "तुझे वडील असते तर छडी मारली असती."

"मारली असती," तो म्हणाला.

"पुसून परत लिहितो. पण मग वरचं बी पुसावं लागंल."

"नको काका." त्यानं माझ्या हातातली वाटी घेतली. "वर काकू हायेत. राहू द्या तसंच."